चिठ्ठीवर चिठ्ठी

रविवारी वाचनालय बंद असे. त्यामुळे मागचं दार उघडताच आतून डिंकाचा वास आला तेव्हा धाकटी सून उंबऱ्यातच थबकली. नवऱ्याच्या पुस्तकबांधणीच्या खोलीतली खळ तिने डोळे मिटूनही ओळखली असती. ही ती खळ नव्हती. हा बाजारातला, डब्यातला, नाकात झोंबणारा डिंक होता.

एरवी ती इथलं काउंटर सांभाळी; आज आली होती खुर्च्या मांडायला. दुपारी घरची बैठक होती. त्यासाठी नणंद आदल्या दिवशीच गाडीने येऊन थडकली होती. नणंद भूलतज्ज्ञ, माणसांना झोपवणं हा तिचा धंदा, पण माहेरी पाऊल टाकलं की ती सगळ्यांची झोप उडवायची. घर वाचनालयाच्या मागेच होतं, मध्ये एक लहानसं अंगण. खुर्च्यांसाठी यायचं म्हणून धाकटीने पायात चपलाही घातल्या नव्हत्या.

वाचनकक्षातल्या लांब टेबलाशी दोन अनोळखी माणसं बसली होती. एक पुस्तक उघडून धरत होता, दुसरा आतल्या पुठ्ठ्यावर आणि समोरच्या पानावर चकचकीत कागद डकवून तळहाताने दाबत होता. प्रवासवर्णनांचं पहिलं कपाट त्यांनी निम्म्याहून जास्त उरकलं होतं.

"हे काय चाललंय?"

"चिठ्ठ्या लावतोय, बाई. वकीलसाहेबांनी किल्ली दिलीय." माणूस सभ्य होता, हात न थांबवता बोलला.

वकीलसाहेब म्हणजे तिचे थोरले दीर. सासरे गेल्यापासून वाचनालयाचे अध्यक्ष.

तिने त्याच्या हातातून पुस्तक घेतलं. रंगीत चिठ्ठीवर मिशीवाल्या वृद्ध गृहस्थांचा फोटो होता, खाली लिहिलं होतं, 'यांच्या स्मृतीस अर्पण'. हे फरशीवाल्यांचे वडील. शहरातल्या निम्म्या घरांच्या जमिनी ज्यांच्या दुकानातून येतात, ते फरशीवाले. चिठ्ठी घाईत जरा वाकडी बसली होती आणि तिच्या वरच्या कडेतून जुन्या चिठ्ठीतल्या घुबडाचा एक कान बाहेर आला होता.

तो कान बघून धाकटीच्या मस्तकात तिडीक गेली.

"डब्याचं झाकण लावा," ती म्हणाली.

"अहो पण बाई, संध्याकाळपर्यंत दोन कपाटं—"

"झाकण लावा आणि उठा. वकीलसाहेबांनी विचारलं तर सांगा, धाकटीने हाकललं."

ती माणसं एकमेकांकडे बघत उठली. एकाने जाता जाता विचारलं, "आमची रोजी?" तेव्हा ती म्हणाली, "ज्यांनी बोलावलं त्यांच्याकडून घ्या. तुमची काही चूक नाही." आणि तिने दार आतून लावून घेतलं.

मग ती त्या टेबलाशी बसली आणि एकेक पुस्तक उघडून बघू लागली. प्रत्येकात तोच मिशीवाला. हे गृहस्थ कधी या वाचनालयाची पायरी चढले होते की नाही, देव जाणे. आणि त्यांच्या खाली गाडलं गेलं होतं ते घरचं सगळ्यात जुनं भांडण.

ते भांडण असं. तिच्या आजेसासऱ्यांनी वाचनालय काढलं तेव्हा पुस्तक विकत घेणं ही चैन होती. लोक वर्गणी भरत आणि पुस्तक घरी नेत. पहिल्या वर्गाच्या वर्गणीदाराला नवीकोरी कादंबरी आधी मिळे, दुसऱ्या वर्गाने थांबायचं, आणि तिसऱ्या वर्गाच्या हाती ती येईपर्यंत तिच्यावर चहाचे डाग आणि समासात कुणाच्या तरी पेन्सिलीतली मतं पडलेली असत. पुस्तक हरवू नये म्हणून आजेसासऱ्यांनी प्रत्येकाच्या आतल्या पुठ्ठ्यावर, डाव्या हाताला, छापील चिठ्ठी डकवली. चिठ्ठीवर कुलूपबंद कपाट आणि कपाटावर डोळे वटारून बसलेलं घुबड. कुठल्याशा परदेशी पुस्तकात त्यांनी ते पाहिलं होतं आणि विद्वत्तेची खूण म्हणून उचललं होतं. गावाने मात्र वाचनालयाला 'घुबडघर' करून टाकलं. चित्राखाली मजकूर होता: 'हे पुस्तक केवळ वर्गणीदाराच्या वाचनासाठी आहे. घरातील स्त्रिया, मुले व नोकर यांच्या हाती देऊ नये.'

मग त्या घरात सून आली, म्हणजे आताच्या सासूबाई. छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवणाऱ्याची मुलगी. बापाच्या मांडीवर बसून उलटी अक्षरं वाचायला शिकलेली. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिने सासऱ्यांच्या कपाटातलं पुस्तक उघडलं, चिठ्ठी वाचली, आणि ते परत जागेवर ठेवलं. माहेरी गेली ती परत येताना गठ्ठाभर चिठ्ठ्या छापून घेऊन आली. तेच कपाट, पण दारं सताड उघडी. तेच घुबड, पण गाढ झोपलेलं. कपाटावर पाय सोडून एक बाई वाचत बसलेली. खाली एकच ओळ: 'ज्याच्या हाती पडेल त्याने वाचावे.' ही चिठ्ठी तिने उजव्या हाताला, समोरच्या कोऱ्या पानावर डकवली. प्रत्येक पुस्तकात. डावीकडे सासरा, उजवीकडे सून.

आजेसासरे तिच्याशी बोलेनासे झाले. पण तिची चिठ्ठी त्यांनी कधी काढली नाही. कुणी विचारलं की म्हणत, "खरवडली तर पान फाटेल." पुस्तकाचं पान फाटण्यापेक्षा सुनेचं उद्धट उत्तर बरं, असा तो माणूस होता. पुढे नव्या पुस्तकांत दोन्ही चिठ्ठ्या लावायची पद्धतच पडली. वाचक पुस्तक उघडून आधी डावीकडे बघत, मग उजवीकडे, आणि हसत.

आता हसायला काही उरणार नव्हतं. फरशीवाल्यांची माणसं दोन्हीवर डकवत होती.

*

बैठक सुरू झाली तेव्हा टेबलाच्या टोकाला सासूबाई बसल्या होत्या. गुडघे गेले होते, कान शाबूत होते. एका बाजूला थोरले आणि त्यांची बायको, दुसऱ्या बाजूला नणंद आणि धाकटीचा नवरा. तो बाइंडर. त्याची बोटं कायम खळीने पांढरी, आणि तोंड कायम मिटलेलं. विश्वस्त चार: सासऱ्यांच्या जागी आलेल्या सासूबाई आणि त्यांची तीन मुलं. सुनांना बैठकीत बसता येई, मत नसे. हाही आजेसासऱ्यांच्याच काळातला नियम. त्याला मात्र अजून कुणी उत्तर डकवलं नव्हतं.

"सकाळी माझी माणसं तू परत पाठवलीस," थोरले धाकटीला म्हणाले. आवाज चढला नव्हता. कोर्टात आयुष्य गेलेला माणूस.

"तुमची नव्हेत, भावोजी. फरशीवाल्यांची."

"मी बोलावली होती."

"बैठकीच्या आधीच? मग बैठक कशाला? चहा प्यायला?"

नणंदेने हसू लपवायला तोंडावर रुमाल धरला. थोरल्यांनी कागद पुढे ओढले.

"आधी सगळ्यांनी वर बघा," ते म्हणाले.

सगळ्यांनी वर बघितलं. छताला तपकिरी डागांचे नकाशे पडले होते. कायद्याच्या पुस्तकांच्या कपाटावर मेणकापड टाकलेलं होतं.

"मागच्या वर्षी दोन कपाटं भिजली. यंदा चार भिजतील. वर्गणीवर छप्पर होत नाही. मी किती दारं झिजवली ते माझं मला माहीत. सगळ्यांना वाचनालय फार आवडतं, लहानपणच्या आठवणी सांगतात, चहा पाजतात आणि निरोप देतात. हा एकच माणूस निघाला जो म्हणाला, छप्पर घालतो, मजला चढवतो, वीज नवी करतो. त्याची अट काय? वडिलांचं नाव. इमारतीला आणि पुस्तकांना. बस्स. इतकंच."

"आणि जुन्या चिठ्ठ्या?" नणंदेने विचारलं.

"त्या खालीच राहतात की. कुणी फाडतंय का?"

"दादा, माणूस पुरला तरी खालीच राहतो."

"तू भावनेने बोलू नकोस. वर्षातून दोनदा येतेस." थोरल्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. ते खरोखर थकलेले दिसत होते आणि ते बघून धाकटीला वाईट वाटलं. राग कमी झाला नाही, पण वाईट वाटलं. "आणि चिठ्ठीवर चिठ्ठी या घरात आज पहिल्यांदा लागतेय का? आईने आजोबांच्या उरावर स्वतःची चिठ्ठी लावलीच ना? तेव्हा ती बंडखोरी, आणि मी लावली की पाप?"

प्रश्न बिनतोड होता. धाकटीनेही सासूबाईंकडे पाहिलं.

सासूबाईंनी जवळचं एक पुस्तक ओढलं आणि उघडलं. "मी कुठे लावली होती?"

"आत."

"आत कुठे?"

थोरल्यांनी उघड्या पुस्तकाकडे पाहिलं.

"समोर लावली," सासूबाई म्हणाल्या. "मामंजींचं म्हणणं झाकलं असतं तर माझ्या म्हणण्याला अर्थ काय राहिला असता? कुणाला उत्तर दिलं ते कळायला नको? मला त्यांच्याशी भांडायचं होतं रे, त्यांना पुसायचं नव्हतं. हा तुझा फरशीवाला कुणाशी भांडतोय? त्याला नुसती जागा हवीय."

"आई, जागा फुकट मागत नाहीये तो."

"तेच तर म्हणते. विकत मागतोय."

मग मतं झाली. थोरले अनुकूल. सासूबाई विरुद्ध. नणंद म्हणाली, "विरुद्ध. आणि मी वर्षातून दोनदा येते हेही लिहून घे." राहिला धाकटीचा नवरा. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, इतकी तिला खात्री होती. या पुस्तकांचं हाड न् हाड त्याने बसवलं होतं.

"हो," तो म्हणाला.

"हो म्हणजे?" नणंद उसळली.

"अनुकूल." तो टेबलाकडे बघत होता. "भिजलेलं पुस्तक मला दुरुस्त करता येत नाही, ताई. पानं एकमेकांना चिकटून वीट होते त्याची. मी मागच्या वर्षी किती विटा फेकल्या ते कुणी विचारलं नाही."

दोनास दोन. बरोबरी झाली की अध्यक्षांचं मत जादा. थोरल्यांनी ठराव मंजूर म्हणून लिहिला. उद्या दुपारी फरशीवाले स्वतः येणार, फोटोग्राफर घेऊन, आणि ताबा घेणार.

धाकटीच्या कानशिलात कुणी तरी मारल्यासारखं झालं होतं. खुर्चीचा हात धरून तिने विचारलं, "ताबा कशाचा?"

"करारात आहे ते. खर्च करणाऱ्याला ताबा लागतोच." थोरल्यांनी कागद वाचला, सवयीने, स्पष्ट आवाजात. "इमारत, सामान, आणि हस्तांतराच्या वेळी कपाटांत असलेली सर्व पुस्तके."

"कपाटांत असलेली."

"हो."

"आणि वर्गणीदारांच्या घरी असलेली?"

"ती परत येतील तेव्हा बघू. वाचायला दिलेलं पुस्तक कुणी हिसकावून घेत नाही. तेवढं आजोबांनीसुद्धा केलं नाही."

धाकटी उठली. भिंतीवरच्या खिळ्याला पुढच्या दाराची किल्ली होती, ती तिने काढली.

"कुठे निघालीस?" थोरल्यांनी विचारलं.

"वाचनालय उघडायला."

"रविवार आहे."

"माहितीय."

"अगं, ठराव झालाय. तुला मत नाही इथे."

"मत नाही, भावोजी," ती म्हणाली. "काउंटर आहे."

*

पहिला फोन तिने निवृत्त हेडमास्तरीणबाईंना केला, कारण त्या एकदा बोलायला लागल्या की गावाला कर्ण्याची गरज उरत नसे. "पुस्तकं न्यायला या," एवढंच ती म्हणाली. "किती? तुम्हाला उचलतील तेवढी. हो, वर्गाचा प्रश्न नाही. आज सगळे पहिल्या वर्गाचे."

सुरुवातीला चारदोन माणसं आली, चाचरत, रविवारी दार उघडं कसं म्हणून. मग रस्त्यावर सायकली दिसू लागल्या. इस्पितळातून पाळी संपवून परिचारिका आल्या, गणवेशातच. कोपऱ्यावरचा शिंपी कापडाचं मोठं गाठोडं सोडून रिकामं करून घेऊन आला. एका तरुण बापाने मुलाला बाबागाडीतून उतरवलं आणि तिच्यात विश्वकोशाचे खंड भरले. "चिरंजीव चालतील," तो म्हणाला, "यांना पाय नाहीत." जी माणसं एरवी एक पुस्तक निवडायला तासभर घोटाळत, ती आता हात पसरून उभी होती. नणंद धाकटीच्या शेजारी बसून तारखेचा शिक्का मारत होती, बाही वर सरकवून, ऑपरेशन चालू असल्यासारखी.

"परत कधीची तारीख घालू?" तिने विचारलं.

"आजची घाला. नेल्याची. परतीची जागा कोरी ठेवा."

सासूबाईंनी खुर्ची दाराशी आणायला लावली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या थांबवत आणि विचारत, "घर कोरडं आहे ना? भिंतीला ओल नाही ना? मग न्या." एका बिचाऱ्याने प्रामाणिकपणे सांगितलं की स्वयंपाकघराच्या भिंतीला थोडी आहे. त्याला त्यांनी बजावलं, "मग बाहेरच्या खोलीत ठेवा," आणि दोन खंड जास्त दिले.

उन्हं उतरायला लागली तेव्हा धाकटीचा नवरा बांधणीच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. तिने त्याला पाहिलं आणि शिक्क्याकडे मान वळवली. तो काउंटरजवळ आला.

"बोलणार नाहीस का?"

"काय बोलू? तुम्ही बोललात ना एक शब्द. वर्षातून एक बोलता, तो हा निघाला."

"मी छपराला मत दिलं," तो म्हणाला. "त्या मिशीला नाही."

तिने वर पाहिलं. त्याच्या हातात ओला स्पंज आणि कागद सोडवायची हाडाची पट्टी होती. सकाळी डकवलेल्या पुस्तकांचा ढीग टेबलावर तसाच पडून होता. ती पुस्तकं कुणाला द्यायचा तिला धीर होत नव्हता.

"डिंक अजून पुरता वाळलेला नाही," तो म्हणाला. "निघतील. पण एकट्याने होणार नाही, कुणीतरी पानं धरायला हवं." आणि उत्तराची वाट न बघता तो टेबलाशी जाऊन बसला. रांगेतली एक परिचारिका आपली पुस्तकं खाली ठेवून त्याच्या समोर बसली. "जखमेवरची पट्टी काढायची सवय आहे मला," ती म्हणाली. मिशीवाले गृहस्थ एकेक करून ओले होऊन बाहेर यायला लागले. त्यांना त्याने फेकलं नाही. जुन्या वर्तमानपत्रावर ओळीने वाळत घातलं. "कुणाचे तरी वडील आहेत," तो म्हणाला, जणू कुणी विचारलंच होतं.

थोरले आले ते तेव्हा. कुणीतरी घरी जाऊन सांगितलं होतं. मागोमाग मोठी जाऊ, नेहमीसारखी दोन पावलं मागे. थोरल्यांनी रिकाम्या होत चाललेल्या कपाटांवरून नजर फिरवली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हा विश्वासघात आहे," ते म्हणाले. "मी त्या माणसाला शब्द दिलाय. उद्या मी त्याच्यासमोर कोणत्या तोंडाने उभा राहू? माझी वकिली, माझं नाव... या सगळ्याला तू काडी लावतेयस."

धाकटीने दोन्ही हात काउंटरवर टेकवले. "तुम्ही शब्द दिलात, भावोजी. मी पुस्तकं देतेय. उद्या दुपारपर्यंत ही आपली आहेत, आणि वर्गणीदाराने मागितलं तर नाही म्हणता येत नाही. हे माझ्या मनाचं नाही, तुमच्याच आजोबांचं आहे."

"कायदा शिकवतेस मला?"

"नाही. आठवण करून देतेय."

"उद्या छप्पर कोसळलं तर?"

"तर कपाटांवर कोसळेल," दाराशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. "पुस्तकांवर नाही."

रांगेत कुणीतरी हसलं. थोरल्यांनी तिकडे असं पाहिलं की हसू अर्ध्यावर विझलं. ते आता काहीतरी बोलणार, आणि जे बोलतील ते पुन्हा मागे घेता येणार नाही, असं धाकटीला वाटलं. तेवढ्यात मोठी जाऊ त्यांना ओलांडून पुढे आली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

"तू तिथे काय करतेयस?" थोरल्यांनी विचारलं.

रांग पुढे सरकत राहिली. तिच्या पुढच्यांनी तिला वाट करून दिली तरी तिने नंबर सोडला नाही. काउंटरशी आल्यावर तिने पदर नीट केला.

"मला सभासद व्हायचंय," ती म्हणाली.

"वहिनी, तुमच्याकडे कार्ड आहे की."

"ते त्यांचं आहे. मला माझं हवंय."

थोरले जवळ आले. "अगं, मी आणतोच ना तुझ्यासाठी? दर आठवड्याला न चुकता आणतो."

"आणता," जाऊ म्हणाली. ती नवऱ्याकडे वळली; तिच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागणारं होतं. "लग्न झाल्यापासून आणताय. इतिहास आणता, चरित्रं आणता. मी वाचते. तुम्ही विचारता कसं वाटलं, मी म्हणते छान. अहो, त्यातली कितीतरी मला मुळीच आवडली नाहीत. मला कुणी विचारलंच नाही मला काय हवंय. आणि मीही इथवर चालत येऊन कधी सांगितलं नाही."

नणंदेने हातातला शिक्का काउंटरवर टेकवला.

"नाव?" धाकटीने विचारलं. काउंटरवर नाव विचारावंच लागतं.

जाऊने नाव सांगितलं. स्वतःचं, माहेरचं, ज्याने तिला घरात कुणी हाक मारत नसे. धाकटीने कोऱ्या कार्डावर ते लिहिलं.

"काय हवंय, वहिनी? फार काही उरलं नाही. जहाजांच्या इंजिनांवर एक आहे. आणि मधमाश्यांवर दोन."

"तिन्ही द्या," जाऊ म्हणाली. "आवडलं नाही तर येऊन सांगेन."

ती पुस्तकं छातीशी धरून नवऱ्याच्या शेजारून बाहेर पडली. या खेपेला पुढे ती होती. थोरले तिच्या मागून गेले.

*

दुसऱ्या दिवशी फरशीवाले वेळेवर आले. स्वच्छ पांढरे कपडे, सोबत फोटोग्राफर, हातात पेढीचं नाव छापलेली पिशवी. दारातून आत पाऊल टाकलं आणि ते थांबले. कपाटं उघडी होती, रिकामी होती, आणि प्रत्येक फळीवर पुस्तकांनी वर्षानुवर्षं राखलेल्या जागा धुळीत उठून दिसत होत्या. फोटोग्राफरने सवयीने कॅमेरा वर केला. फरशीवाल्यांनी हातानेच त्याला थांबवलं.

"पुस्तकं कुठे आहेत?"

थोरले आदल्या संध्याकाळपासून घरात कुणाशीही बोलले नव्हते. काउंटरकडे पाठ करून ते एका खुर्चीत बसले होते. सगळ्यांना वाटलं, आता ते धाकटीकडे बोट दाखवतील. तिनेही ते गृहीत धरलं होतं. उत्तर मनात जुळवून ठेवलं होतं.

"वर्गणीदारांकडे आहेत," थोरले म्हणाले.

"सगळी?"

"सगळी. कराराप्रमाणे कपाटांत असतील तेवढीच आपल्याला मिळणार. कपाटं आपण नेऊ शकता. चांगल्या लाकडाची आहेत."

फरशीवाले लाल झाले. "वकीलसाहेब, तुम्ही माझी थट्टा करताय? माझ्या वडिलांची?"

तेव्हा धाकटी काउंटरमागून बाहेर आली. तिच्या हातात वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेला गठ्ठा होता. "तुमच्या वडिलांच्या चिठ्ठ्या," ती म्हणाली. "एकही फाटलेली नाही. त्यांच्या वाचनातली पुस्तकं घरी असतील ना, त्यांना लावा. तिथे शोभतील."

"ते वाचत नसत," फरशीवाले म्हणाले, आणि बोलून गेल्यावर स्वतःच गडबडले. गठ्ठा त्यांनी घेतला. जरा वेळ तो हातात तोलत उभे राहिले, जणू काही वेगळं म्हणायचं होतं. मग म्हणाले, "करार रद्द समजा," आणि निघून गेले. पायऱ्या उतरताना फोटोग्राफरने मागे वळून रिकाम्या कपाटांचा एक फोटो काढून घेतलाच.

थोरले उठले नाहीत. धाकटीने आभार मानले असते तर त्यांना शिवीसारखे लागले असते. ती परत काउंटरमागे जाऊन बसली. वर छताच्या डागाखाली तिच्या नवऱ्याने शिडी लावली होती आणि डांबराचं डबडं घेऊन तो एकेक पायरी चढत होता. नणंद खाली शिडी धरून "वरून पडलास तर मी भूल न देताच शिवेन," म्हणत होती.

तेवढ्यात दारातून डाकेची पिशवी खांद्याला लावलेला पोस्टमन आला. आदल्या दिवशी त्याने एकच पुस्तक नेलं होतं, पातळसं. ते त्याने काउंटरवर ठेवलं.

"वाचून झालं. दुसरं द्या."

धाकटीने रिकाम्या कपाटांकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं.

"इथे नाही," ती म्हणाली. "कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे जा. त्याच्याकडे गाठोडंभर आहेत, हवं ते निवडा. आणि हे तुमच्याकडचं त्याच्याकडे देऊन या."

"तो देईल?"

"माझं नाव सांगा. न देऊन जातो कुठे?"

पोस्टमनने पुस्तक पिशवीत, पत्रांच्या मधोमध ठेवलं आणि वळला. तेव्हा खुर्चीतून, पाठ न वळवता, आदल्या दिवसापासून घरात कुणाशीही न बोललेल्या माणसाचा आवाज आला.

"शिंपी जेवून झोपतो. उन्हं कलल्यावर जा."